पाटी लावलेला मिक्सर

आमच्या कारखान्यात पत्र्याचे डबे व्हायचे. मी लेथवर होतो आणि तो देखभाल खात्यात फिटर. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, बाकी कुठे नव्हतं. सगळे त्याला पाटीवाला म्हणायचे. त्याची बायकोसुद्धा दुसऱ्यांशी बोलताना "आमचे पाटीवाले" म्हणायची. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं.

पाटी म्हणजे तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा. तांबडा रंग दिलेला, वर भोक, भोकात तार. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं असायचं, "काम चालू आहे. मशीन सुरू करू नये." खाली फिटरचा नंबर. मशीन उघडायचं तर आधी मेन स्विच पाडायचा आणि त्याला आपली पाटी अडकवायची. काम संपलं की काढायची. ज्याने लावली त्यानेच काढायची, हा नियम. दोघे काम करत असतील तर दोन पाट्या. दोन्ही निघाल्याशिवाय मशीनला वीज नाही.

नियम सगळ्यांना होता, पाळायचा तो एकटा. त्याला कारण होतं. तो नवीन असताना कुणीतरी "झालं असेल काम" म्हणून त्याची पाटी काढली आणि पत्रा दाबायचा प्रेस चालू केला. आत तेल घालणाऱ्या ऑइलमनचा हात होता. ऑइलमनला पुढे गेटवर बसवलं. उरलेल्या बोटांनी तो पास तपासायचा. पाटीवाला रोज त्याला पास दाखवून आत यायचा. एवढं पुरे होतं.

एकदा प्रेस उघडून पाटी लावली आणि दुपारी त्याला ताप भरला. घरी गेला. काम दुसऱ्या फिटरने पुरं केलं, पण पाटी काढणार कोण? माल अडला, मॅनेजर चिडला. शेवटी साहेबांची गाडी पाठवून त्याला घोंगडीत गुंडाळून आणला. मॅनेजरला वाटलं असेल की चटकन पाटी काढेल आणि जाईल. तसं त्याने काही केलं नाही. दुसऱ्याने आवळलेला एकेक बोल्ट स्वतः पान्याने तपासला, प्रेस हाताने फिरवून बघितला, मग पाटी काढली. तोवर साहेब त्याच गाडीतून निघून गेले होते. घोंगडी पांघरून तो बसने घरी गेला.

त्याला सुपरवायझर करायचं पुन्हापुन्हा चाललं होतं. दरवेळी त्याने नकार दिला. "हात मागे बांधून उभं राहायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, हळू, हळू. हे काम आहे का?" असं तो म्हणायचा. सुपरवायझरांच्या समोर म्हणायचा. त्यामुळे कारखान्यात त्याला मान होता आणि मित्र मी एकटा.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. मी घरी येऊन झोपलो. तो घरी आला आणि त्याने पाट्या लावायला घेतल्या.

पहिली बाथरूमच्या नळाला लागली. मग पंख्याला. दाराच्या घंटीला लागली तेव्हा येणारे लोक ती वाचायचे आणि घंटी वाजवायची की नाही या विचारात उभे राहायचे. पण कामं व्हायची, हे खरं सांगितलं पाहिजे. सकाळी लागलेली पाटी दुपारी निघायची आणि नळ पुन्हा गळायचा नाही. कामचुकार माणूस तो नव्हताच. म्हणून मिक्सरची गोष्ट मला कळली तेव्हा ती मला पटेना.

कळली ती वहिनींकडून. म्हणजे त्याच्या बायकोकडून. भाजीची पिशवी घेऊन त्या आमच्या दारात आल्या आणि आत न येताच म्हणाल्या, "भाऊजी, मिक्सरला पाटी लागलीय."

"लागू द्या की. निघेल संध्याकाळपर्यंत."

"संध्याकाळ? खलबत्त्यात कुटून कुटून माझा खांदा उतरला. शेजारीण विचारते, घरात सुतार बसलाय का."

"बिघडलंय काय त्यात?"

"कार्बन गेलेत म्हणे. नवीन आणले. आता ते घासत बसलेत." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "भाऊजी, खरं सांगा. कार्बन घासायला किती वेळ लागतो?"

मोटरच्या दोन बाजूंनी दोन कार्बन बसतात. बोटाच्या पेरापेक्षा लहान काळे तुकडे. मागून स्प्रिंग त्यांना दाबून धरते आणि त्यांच्यातून वीज फिरत्या भागात जाते. नवीन कार्बन कधी खाचेत घट्ट जातो, मग कागदावर थोडा घासायचा.

"चहा उकळेपर्यंत," मी म्हणालो.

"मला वाटलंच." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्यांच्या हाताला कंप सुटलाय. मला सांगत नाहीत. मी बघितलंय हे त्यांना माहीत नाही. मुलाला कळलंय मिक्सर बंद आहे ते. रविवारी तो नवीन घेऊन येतोय."

"मग सुटलात. खांदा तरी वाचेल."

"खांद्याचं मरू द्या. नवीन मिक्सर ओट्यावर आला की हे पाटी काढून माळ्यावर टाकतील आणि खुर्चीत बसतील. मग ते खुर्चीतून उठायचे नाहीत. मी ओळखते ना त्यांना. तुम्ही या उद्या. आणि मी काही बोलले नाही."

"मग मी कशाला येतोय?"

"चहाला."

दुसऱ्या दिवशी गेलो. स्वयंपाकघरात ओट्याच्या बाजूला छोटं टेबल होतं. त्यावर वर्तमानपत्र आणि त्यावर मिक्सर उघडून ठेवलेला. भाग ओळीने मांडलेले, स्क्रू वाटीत, वाटीवर झाकण. वायर गुंडाळलेली आणि प्लगच्या पिनांना पाटी अडकवलेली. घरात मेन स्विच पाडला तर फ्रिजही बंद होतो, म्हणून हा फरक त्याने नाइलाजाने केला होता. पाटीची तार त्याने सवयीप्रमाणे पिळून पक्की केली होती.

तो खुर्चीत बसला होता. दोन्ही हात पँटच्या खिशात.

"ये. हिने बोलावलं?"

"नाही. चहाचा वास आला."

"आमच्या घरून तुझ्या घरापर्यंत?"

"जुनी सवय. कँटीन पण लांबच होतं."

वहिनींनी चहा ठेवला. मी टेबलाकडे बघितलं. वर्तमानपत्रावर काळ्या भुकटीचा ढीग होता. एका कार्बनच्या घासण्याने एवढी भुकटी पडत नाही. दुकानातून आणलेले कार्बन पाकिटात असतात. तशी रिकामी पाकिटं टेबलाखाली पुष्कळ पडलेली होती.

"काय काय बघितलंस?" मी विचारलं.

त्याला तेच हवं होतं. खिशातून हात न काढता त्याने हनुवटीने दाखवायला सुरुवात केली. "आधी प्लगपॉइंट. तिथे टेबललॅम्प लावून बघितला, लागला. म्हणजे वीज येते. मग खालचं लाल बटण, लोड जास्त झाला की उडतं ते. दाबून बघितलं, उडालेलं नव्हतं. मग वायर. टोकापासून टोकापर्यंत दिवा लावून तपासली, कुठे तुटलेली नाही. मग स्विच. तोही ठीक."

"मग?"

"मग हिला विचारलं, बंद कसा पडला. तर म्हणे आधी बाजूला थापट मारली की चालायचा."

"थापट तुम्ही मारायचात," वहिनी ओट्याकडून म्हणाल्या. "मी नाही."

"थापट मारल्यावर चालतो म्हणजे आत काहीतरी नीट टेकत नाही. पुढे पुढे ठिणग्या आल्या, जळका वास आला. मग थापट मारूनही चालेना. उघडून बघितलं तर कार्बन नखाएवढे उरलेले. स्प्रिंग तरी किती पुढे ढकलणार?" तो थांबला. "झालं. एवढंच आहे."

तपासणी बिनचूक होती. एकही पायरी गाळलेली नव्हती.

"मग बसव की."

"हे नवीन कार्बन जाड येतात. घासावे लागतात."

मी पाकिटातला शेवटचा जोड काढला आणि त्यातला एक खाचेत घालून बघितला. अलगद आत गेला आणि अलगद बाहेर आला. याहून नीट कार्बन बसत नाही. तो माझ्याकडे बघत होता. 

"दे, मी बसवतो," एवढं म्हणालो.

"पाटी माझी आहे."

"मग मीही एक लावतो."

"लेथवाल्याला पाटी नसते. आणि तुला काही फिरताना दिसलं की तू त्याची जाडी कमी करतोस. नको."

"रविवारी पोरगा येतोय," वहिनी कपात चहा ओतत म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही.

त्यावर तो उठला. खिशातून हात काढले, खुर्ची पुढे ओढली, कार्बन घेतला. कार्बन खाचेत गेला. मग त्याच्या मागे स्प्रिंग घालायची, अंगठ्याने दाबून धरायची आणि वर झाकणी फिरवायची. त्याने दाबली. दाबल्याबरोबर हात हलायला लागला. थोडा नाही. झाकणी खाचेच्या कडेवर टक टक टक वाजायला लागली आणि ती थांबेपर्यंत आम्ही तिघांनी ती ऐकली. स्प्रिंग सुटली, माझ्या कानाजवळून गेली आणि डब्यांच्या मागे पडली.

 तो उभा राहिला आणि त्याने हात मागे बांधले. लपवायला बांधले. पण दिसायला मात्र तो हुबेहूब सुपरवायझर दिसायला लागला.

वहिनींनी डबे सरकवले, स्प्रिंग शोधली, पदराला पुसली.

"मला द्या एक पाटी," त्या म्हणाल्या.

"तुला?"

"का? कामाला दुसरा माणूस लावता येतो ना? पाट्या दोन झाल्या की झालं. तुमचाच नियम."

"नियम ट्रेनिंग झालेल्या माणसाचा आहे."

"सुईत दोरा कोण ओवतं या घरात? तुमच्या चष्म्याचा स्क्रू कोणी बसवला?"

"तू बसवलास?" तो खरोखर चकित झाला होता. "मला वाटलं दुकानदाराने."

"दुकानदार म्हणाला, नवीन फ्रेम घ्या."

त्याने चष्मा काढून तो स्क्रू बघितला. मग म्हणाला, "पहिली गोष्ट काय करायची?"

"प्लग काढायचा."

"मग?"

"मग तुमचं व्याख्यान ऐकायचं."

"मग पाटी लावायची! हसू नकोस. मग?"

"मग प्लग परत कुणी लावला नाही ना, ते हात घालायच्या आधी पुन्हा बघायचं."

हे त्याने कधी शिकवलं नव्हतं. तो वळून माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मीच सांगितलं. मग ड्रॉवरमधून त्याने एक कोरी पाटी काढली. रंग दिलेली, भोक पाडलेली. अशा किती त्याने करून ठेवल्या होत्या कोण जाणे. नंबर मात्र लिहायचा राहिला. ब्रश वहिनींच्या हातात देऊन म्हणाला, "तूच लिही."

"काय नंबर लिहू?"

"एक लिही. या घरात फिटर तू पहिलीच. मी कारखान्याचा."

वहिनींची पाटीही प्लगला लागली आणि मग काम सुरू झालं. म्हणजे वहिनी खुर्चीत बसल्या आणि तो मागे उभा राहिला.

"हळू. हळू. स्प्रिंग तिरकी जातेय."

"दिसतंय मला."

"अंगठा मधोमध ठेव. हळू."

"तुम्ही हळू म्हणायचं थांबा, मग हळू करते."

"झाकणी पहिले दोन फेरे उलट फिरव, म्हणजे आटे सापडतात."

त्यांनी उलट फिरवली, आटा लागला, मग सुलट फिरवली. झाकणी बसली. दुसरा कार्बन तर त्याने तोंड उघडायच्या आत बसला. कार्बन मागेपुढे नीट सरकतो का, फिरता भाग हाताने फिरतो का, सगळं त्यांनी बघितलं आणि त्याने त्यांच्या खांद्यावरून बघितलं. मी चहा प्यालो. माझ्या वाट्याला तेवढंच काम होतं आणि ते मी नीट केलं.

तळाचे स्क्रू आवळून झाले. वहिनींनी आपली पाटी काढली. मग त्याची पाळी. तारेला त्याने असा पीळ दिला होता की कुठल्याही चोराने हात टेकावेत. तो सोडवायला लागला. बोटं तारेवर यायची, घसरायची, पुन्हा यायची. वहिनींचा हात पुढे झाला.

"नाही. माझी आहे."

त्यांनी हात मागे घेतला. मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत राहिलो. वहिनींनी धुतलेला कप पुन्हा धुतला. कामाला किती वेळ लागावा हे मला नेहमी सांगता येतं. या कामाला किती लागावा हे सांगता येणार नाही, पण लागला तेवढा वेळ त्याने ते सोडलं नाही. तार सुटली.

"लाव," तो म्हणाला.

मिक्सर घरघरला. आत दोन ठिणग्या चमकल्या.

"असू देत. कार्बन घासून नीट बसेपर्यंत येतील. आधी रिकामाच चालव."

रविवारी मुलगा आला. काखेत मोठं खोकं. मी होतोच. आत आल्याआल्या त्याला ओट्यावर जुना मिक्सर चालू दिसला. तो खोकं खाली ठेवायचंच विसरला.

"चालू झाला? बाबा, कमाल आहे हां तुमची. या वयात काय हात आहे!"

इथे काम संपलं होतं. त्याने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. वहिनी तर तयारीत होत्या. "हो ना," त्या म्हणाल्या, "मी आपली हाताखाली होते."

"खोटं कशाला बोलतेस?" तो म्हणाला. "काम हिने केलं. मी मागे उभा होतो, हात बांधून. हळू हळू म्हणत." शेवटचे शब्द त्याच्या तोंडून असे आले, की एखाद्याने स्वतःची शिक्षा वाचून दाखवावी. मग त्याने उजवा हात पुढे केला आणि टेबलावरची वाटी उचलली. वाटी थरथरली, आत एक जास्तीचा स्क्रू होता तो खुळखुळला. "हे बघ. असं होतंय."

मुलाने खोकं खाली ठेवलं. "कधीपासून?"

"मिक्सर बंद पडायच्या आधीपासून," वहिनी म्हणाल्या.

तो वहिनींकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"तुमच्या चहाची बशी रोज भरलेली येत होती. मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"पाटी तुम्ही लावली होती. मी कशी काढणार?"

 त्याने खोक्याकडे मोर्चा वळवला. नवीन मिक्सर बाहेर काढायला लावला, उलटा करायला लावला आणि तळ बघितला. "याचे स्क्रू कुठे आहेत?"

"उघडायचा नसतोच तो, बाबा. बिघडला की बदलून देतात."

"आणि का बिघडला ते?"

"ते कुणी विचारत नाही."

त्याने तो सरळ करायला लावला आणि खोक्यात परत घालायला लावला. वहिनींनी मात्र नवीन मिक्सर मुकाट्याने कपाटात ठेवून घेतला. त्यांच्या खांद्याला कंपन्यांशी भांडण नव्हतं.

"उद्या डॉक्टरकडे," मुलगा म्हणाला.

मला वाटलं आता बाचाबाची होणार. तो म्हणाला, "उद्या."

मुलाला कामावर परतायचं होतं, म्हणून मी बरोबर गेलो. दवाखान्याच्या बाकावर तो हात खिशात न घालता बसला. वहिनी मध्ये, मी पलीकडे. आत गेल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "काय होतंय?" आणि मला कळलं की इथून आता लवकर सुटका नाही.

"डावा ठीक आहे, उजवा जास्त," तो म्हणाला. "स्वस्थ बसलं की कंप नाही. काही उचललं, बारीक काही धरलं की सुरू. म्हणजे लोडवर. सकाळी चहाच्या आधी कमी, नंतर जास्त. चहा सोडून बघितला, थोडा फरक पडला, फार नाही. आमच्या आईलाही होतं म्हातारपणी. चालताना तोल जात नाही. अक्षर वाकडं झालंय. मनगट उशीवर टेकवून काम केलं तर निम्म्याने कमी होतं."

"हे सगळं बघितलंत कधी?" वहिनींनी विचारलं.

"कार्बन घासताना."

डॉक्टरबाईंनी त्याला कागदावर गोल काढायला लावले, बोट नाकाला लावायला लावलं, हात पुढे धरायला लावले, चालवून बघितलं. मग म्हणाल्या, "घाबरण्यासारखं नाही. गोळी देते. पण हे पूर्ण जाणार नाही. कमी होईल, आणि तुम्हाला सांभाळून घ्यावं लागेल."

त्याने उजवा हात उलटसुलट करून बघितला.

"म्हणजे दुरुस्त होणार नाही, पण चालू राहील."

"हो, तसंच."

"चालेल," तो उठत म्हणाला. "आमचा अर्धा कारखाना तसाच चालला."